पदवी वर्गातील गणिती विद्यार्थिनी : कोणती महाविद्यालये त्यांना घडवितात?

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरी १९१५ साली जन्मलेली ॲलिस टर्नर ही मुलगी तिसरीत असताना तिच्या शिक्षिकेने एक चिंता बोलून दाखविली होती. या मुलीला मोठा भागाकार जमेल असे वाटत नाही, असे त्या बाईंचे मत होते. मुलीने ते आव्हान समजून स्वीकारले. पुढे रिचमंड विद्यापीठात तिने गणित हाच मुख्य विषय घेतला. त्या काळी तेथील मुख्य ग्रंथालयात विद्यार्थिनींना प्रवेश नसे. हवी ती पुस्तके त्यांच्यासाठी वेगळ्या वाचनकक्षात मागवून घ्यावी लागत. अशा परिस्थितीत तिने विद्यापीठाचे गणिताचे पारितोषिक मिळविले आणि १९३६ साली ती पदवीधर झाली. शिकागो विद्यापीठात पुढील शिक्षण घेण्यासाठी पैसे साठवावेत म्हणून तिने तीन वर्षे माध्यमिक शाळेत शिकविले व १९४२ साली तेथून डॉक्टरेट संपादन केली. हीच विद्यार्थिनी पुढे प्राध्यापिका ॲलिस शेफर या नावाने ओळखली जाऊ लागली. वेल्स्ली या स्त्रियांच्या महाविद्यालयात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. १९७१ साली स्थापन झालेल्या ‘गणितातील स्त्रियांची संघटना’ या संस्थेच्या त्या दुसऱ्या अध्यक्षा होत.

या संघटनेने १९९० साली त्यांच्या नावाने एक पारितोषिक सुरू केले. पदवी वर्गात शिकत असलेल्या, गणितात असामान्य गुणवत्ता दाखविणाऱ्या विद्यार्थिनीस ते दरवर्षी दिले जाते. २००९ साली शेफर यांचे निधन झाले. पारितोषिकाची परंपरा मात्र चालू राहिली. या परंपरेमुळे एका प्रश्नाचा विचार करावयास चांगले साधन उपलब्ध झाले आहे. गणितात चमकणाऱ्या विद्यार्थिनी कोणत्या महाविद्यालयांतून पुढे येतात? त्या तेथे घडतात की घडलेल्याच तेथे जातात? हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही. शाळा, महाविद्यालय वा तालुका यांची गुणवत्ता याद्यांवरून ठरविणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यासमोर व शिक्षकासमोर तो उभा असतो.

पारितोषिकाचे निकष

शेफर पारितोषिकासाठी विद्यार्थिनीस स्वतः परीक्षेस बसावे लागत नाही. तिचे नाव कोणीतरी सुचवावे लागते. नाव सुचविणाऱ्याने तिच्या कामाचे वर्णन करणारे पत्र लिहावयाचे असते आणि तिला जवळून ओळखणाऱ्या अध्यापकांची शिफारसपत्रे सोबत जोडावयाची असतात. निवड करताना मुख्यत्वे चार गोष्टी पाहिल्या जातात : गणिताच्या अभ्यासक्रमांतील प्रगती, विषयाची खरीखुरी आवड, स्वतंत्रपणे काम करण्याची क्षमता आणि स्पर्धांत भाग घेतला असल्यास त्यांतील यश.

या निकषांत गुणपत्रिका ही चारांतील एकच बाब आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. स्वतंत्र कामाची क्षमता दिसण्यासाठी तसे काम विद्यार्थिनीच्या हाती आधी पडावे लागते. शिफारसपत्र लिहिले जाण्यासाठी तिला ओळखणारा अध्यापक असावा लागतो. तेव्हा या पारितोषिकाची यादी ही जशी विद्यार्थिनींच्या बुद्धीची यादी आहे तशीच, काही अंशी, सजग अध्यापकांचीही यादी आहे. ज्या महाविद्यालयातून कधी कोणाचे नाव सुचविलेच गेले नाही तेथे गुणी विद्यार्थिनी नव्हत्या, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही.

यादी काय सांगते?

१९९० ते २०१९ या तीस वर्षांतील यादी पाहिली तर पहिल्या दृष्टिक्षेपात मोठ्या नावांचा वरचष्मा जाणवतो. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या विद्यार्थिनींना हा मान सहा वेळा, शिकागो विद्यापीठाच्या विद्यार्थिनींना पाच वेळा आणि हार्वर्डच्या विद्यार्थिनींना चार वेळा मिळाला. काही वर्षी हा मान दोघींना विभागून दिला गेला आहे. प्रिन्स्टन व ड्यूक या नामवंत खासगी विद्यापीठांची नावे प्रत्येकी दोनदा येतात. कॉर्नेल, येल, डार्टमथ याही जुन्या व संपन्न संस्था यादीत आहेत.

परंतु यादी येथे संपत नाही. याच तीस वर्षांत युटा विद्यापीठाचे नाव दोनदा येते, १९९८ साली व पुन्हा २०१६ साली. २००१ साली नेब्रास्का विद्यापीठाच्या लिंकन येथील विद्यार्थिनीने आणि २००२ साली मॉन्टाना स्टेट विद्यापीठाच्या के कर्कपॅट्रिक यांनी हा मान मिळविला. मिशिगन, टेक्सास, कॅलिफोर्निया विद्यापीठाची बर्कली व सॅन डिएगो ही केंद्रे, जॉर्जिया तंत्रज्ञान संस्था, अशी राज्य सरकारांच्या आश्रयाने चालणारी इतर विद्यापीठेही यादीत आहेत. १९९२ सालचा मान तर ब्रिन मॉर या लहानशा महिला महाविद्यालयाच्या झ्वेझ्देलिना स्टांकोव्हा यांना मिळाला. नेब्रास्का व मॉन्टाना ही शेतीची व पशुपालनाची राज्ये आहेत. विद्येची राजधानी म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. तरीही त्यांची नावे या यादीत यावीत, यातच या अभ्यासाचे सार आहे.

संख्येचा अर्थ लावताना

कोणत्या संस्थेस किती पारितोषिके मिळाली एवढेच मोजणे म्हणजे केवळ अंश पाहून छेद विसरणे होय. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका मोठ्या संस्थेत काही वर्षांत गणिताच्या ४०० विद्यार्थिनी शिकून गेल्या आणि त्यांतील सहा जणींना पारितोषिक मिळाले. दुसऱ्या लहान महाविद्यालयात त्याच काळात २० विद्यार्थिनी होत्या आणि एकीस पारितोषिक मिळाले. संख्या पाहिली तर पहिली संस्था सहापट श्रेष्ठ ठरते. शेकडा प्रमाण काढले तर पहिलीचे प्रमाण दीड आणि दुसरीचे पाच येते. क्रम उलटा होतो.

येथे दुसरी सावधगिरीही बाळगावयास हवी. वीस विद्यार्थिनींमधील एक यश हा योगायोगही असू शकतो. ते एक नाव यादीतून वगळले तर पाचाचे शून्य होते. लहान संख्येवर उभारलेले शेकडा प्रमाण एका घटनेने डोलू लागते. म्हणून एकाच वर्षाच्या वा एकाच यशाच्या आधारे कोणत्याही संस्थेस आदर्श ठरविणे किंवा दोष देणे योग्य नव्हे. निदान दहा-पंधरा वर्षांचा काळ एकत्र घेऊन पाहावे, हा संख्याशास्त्राचा साधा धडा आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ती म्हणजे विद्यार्थिनी महाविद्यालयात येताना कोणती तयारी घेऊन आली होती, हा प्रश्न. २००८ साली मान मिळविणाऱ्या हार्वर्डच्या ॲलिसन मिलर यांनी शालेय वयातच, २००४ साली, आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळविले होते. अमेरिकेच्या संघातून सुवर्णपदक मिळविणारी ती पहिली मुलगी. २००२ सालच्या मानकरी, ड्यूक विद्यापीठाच्या मेलनी वुड या अमेरिकेच्या ऑलिंपियाड संघात निवडली गेलेली पहिली मुलगी होत. १९९८ व १९९९ या दोन्ही वर्षी त्यांना रौप्यपदक मिळाले होते. २००७ सालच्या मानकरी आना काराइआनी रुमानियात वाढल्या. तेथील संघातून त्यांनी एक रौप्य व दोन सुवर्णपदके मिळविली आणि मग त्या प्रिन्स्टनला आल्या. अशा विद्यार्थिनींच्या यशाचे श्रेय केवळ महाविद्यालयास देणे म्हणजे कळस पाहून पाया विसरणे होय. नामवंत संस्था घडवितात, यात शंका नाही. परंतु त्या आधी निवडतात. उत्तम बियाणे निवडून घेणाऱ्या शेताचे पीक पाहून जमिनीचा कस ठरविता येत नाही.

पुटनम स्पर्धेचा अनुभव

हाच मुद्दा दुसऱ्या एका उदाहरणाने स्पष्ट होतो. अमेरिका व कॅनडा येथील पदवी विद्यार्थ्यांसाठी १९३८ सालापासून विल्यम लोवेल पुटनम गणित स्पर्धा घेतली जाते. तिचे स्वरूप कठोर आहे. एकाच दिवशी तीन-तीन तासांची दोन सत्रे, एकूण १२ प्रश्न आणि १२० गुण. प्रश्न इतके अवघड असतात की अनेक वर्षी निम्म्या स्पर्धकांना एक-दोन गुणांपलीकडे मजल मारता येत नाही. सर्वोच्च पाच स्पर्धकांना ‘पुटनम फेलो’ असे संबोधिले जाते.

स्पर्धा सुरू झाल्यानंतर ५८ वर्षे या पाचांत एकाही विद्यार्थिनीचे नाव आले नाही. १९९६ साली न्यूयॉर्क विद्यापीठाच्या योआना दुमित्रिउ या पहिल्या स्त्री ‘फेलो’ ठरल्या. त्याच वर्षी शेफर पारितोषिकही त्यांना मिळाले. त्यानंतर २००२ साली मेलनी वुड आणि २००३ व २००४ अशी लागोपाठ दोन वर्षे आना काराइआनी यांनी हा मान मिळविला. म्हणजे ५८ वर्षांत जे घडले नाही ते पुढील आठ वर्षांत चार वेळा घडले. एवढ्या थोड्या काळात मुलींची बुद्धी बदलली असे कोणी म्हणणार नाही. बदलल्या त्या संधी. मुलींना ऑलिंपियाडच्या शिबिरांत स्थान मिळू लागले. पूर्व युरोपातील देशांत शालेय वयापासून गणित मंडळे चालत. तेथे तयार झालेल्या मुली अमेरिकेत शिकावयास आल्या. याखेरीज १९९२ पासून या स्पर्धेत उत्कृष्ट कामगिरी करणाऱ्या विद्यार्थिनीसाठी एलिझाबेथ लोवेल पुटनम यांच्या नावाचे स्वतंत्र पारितोषिक ठेवण्यात आले आणि विद्यार्थिनींना या परीक्षेस बसविण्याकडे अध्यापकांचे लक्ष वेधले गेले.

लहान महाविद्यालयाचे बळ

ब्रिन मॉर महाविद्यालयाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १८८५ साली ते सुरू झाले तेव्हा गणित विभागाची धुरा शार्लट ॲन्गस स्कॉट या इंग्रज विदुषीकडे सोपविण्यात आली. केंब्रिज विद्यापीठाच्या १८८० सालच्या गणिताच्या कठीण परीक्षेत स्कॉट यांनी आठव्या क्रमांकाइतके गुण मिळविले होते. तथापि त्या स्त्री असल्यामुळे तो क्रमांक अधिकृतपणे त्यांच्या नावे जाहीर होऊ शकला नाही. निकाल वाचला जात असताना आठव्या क्रमांकाच्या वेळी सभागृहातील विद्यार्थ्यांनी त्यांच्याच नावाचा गजर केला. स्कॉट यांनी जवळजवळ चार दशके ब्रिन मॉर येथे काम केले आणि तेथे स्त्रियांना गणितात डॉक्टरेटपर्यंत शिक्षण मिळण्याची सोय निर्माण केली. पुढे १९३३ साली जर्मनीतील नाझी राजवटीने पदच्युत केलेल्या थोर गणितज्ञ एमी नोएथर यांना याच महाविद्यालयाने आश्रय दिला. १९३५ साली निधन होईपर्यंत त्या तेथेच होत्या.

अशा परंपरेच्या महाविद्यालयात १९८९ साली बल्गेरियातून स्टांकोव्हा आल्या. तीन वर्षांत त्यांनी पदवी व पदव्युत्तर पदवी या दोन्ही १९९२ सालीच मिळविल्या. पुढे हार्वर्डहून डॉक्टरेट घेऊन त्या कॅलिफोर्नियात गेल्या आणि १९९८ साली त्यांनी बर्कली येथे शालेय मुलांसाठी गणित मंडळ सुरू केले. बल्गेरियात आपल्याला जे मिळाले ते दुसऱ्या देशातील मुलांना मिळावे, असे त्यामागील सूत्र होते. पारितोषिकाचे खरे मोल अशा ठिकाणी दिसते. एकीस मिळालेली संधी पुढे शेकडोंच्या हाती पोहोचते.

महिला महाविद्यालयात विद्यार्थिनीला एक गोष्ट सहज मिळते. वर्गात प्रश्न विचारणारी, फळ्यावर जाऊन सिद्धता मांडणारी, मंडळाची चिटणीस होणारी आणि वार्षिक परीक्षेत पहिली येणारी ही सर्व मुलीच असतात. ‘हे आपले क्षेत्र नव्हे’ ही शंका मनात येण्यास तेथे वाव राहत नाही. मात्र केवळ मुलींचे महाविद्यालय असले की काम झाले, असे समजण्याचे कारण नाही. गणिताचे सर्व उच्च अभ्यासक्रम तेथे उपलब्ध नसले तर विद्यार्थिनीची वाढ खुंटते. लहान महाविद्यालयाची ही उणीव कशी भरून काढता येते, हे उन्हाळी संशोधन कार्यक्रमांवरून दिसते.

सुटीतील संशोधन

मिनेसोटा राज्यात सुपीरिअर सरोवराच्या काठी दुलुथ नावाचे शहर आहे. तेथील विद्यापीठ मोठ्या नावाचे नाही. परंतु तेथील प्राध्यापक जोसेफ गॅलियन यांनी १९७७ साली एक उपक्रम आरंभिला. देशभरातून मोजक्या पदवी विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात बोलवावयाचे, प्रत्येकास अद्याप न सुटलेला, पण समजण्यास सोपा असा एक प्रश्न द्यावयाचा आणि काही आठवडे त्याच प्रश्नावर काम करू द्यावयाचे, असे त्याचे स्वरूप. मार्गदर्शक रोज भेटत. सहाध्यायी एकत्र राहत, एकत्र हिंडत आणि एकमेकांचे काम ऐकत. उन्हाळ्याअखेर निष्कर्ष शोधनिबंधाच्या रूपात लिहावयाचे असत. या उपक्रमातून प्रसिद्ध झालेल्या निबंधांची संख्या मोठी आहे. ब्रिन मॉरच्या स्टांकोव्हा, ड्यूकच्या मेलनी वुड, मॅसॅच्युसेट्सच्या मारिया मंक्स अशा अनेक पारितोषिक विजेत्या दुलुथच्या या शिबिरातून गेल्या आहेत.

१९८७ सालापासून अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने अशा कार्यक्रमांसाठी अनुदान देण्याची योजना आखली आणि ते अनेक विद्यापीठांत सुरू झाले. १९९५ पासून कार्लटन महाविद्यालय आणि जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठ यांनी खास विद्यार्थिनींसाठी उन्हाळी वर्ग अनेक वर्षे चालविले. १९९८ साली ब्रिन मॉर व स्पेलमन या दोन महिला महाविद्यालयांतील प्राध्यापिकांनी मिळून, डॉक्टरेटच्या अभ्यासास निघालेल्या विद्यार्थिनींसाठी ‘एज’ हा पूर्वतयारीचा कार्यक्रम काढला. स्मिथ महाविद्यालयाने २००७ मध्ये गणितातील स्त्रियांसाठी केंद्र स्थापन केले.

या सर्व उपक्रमांत एक समान तत्त्व आढळते. पाठ्यपुस्तकातील प्रश्नाचे उत्तर शेवटच्या पानावर असते. संशोधनाच्या प्रश्नाचे उत्तर कोणाजवळच नसते. असा प्रश्न हाती आला की विद्यार्थिनीला आपल्या विचारशक्तीचा खरा अंदाज येतो. एखादे महाविद्यालय लहान असले तरी सुटीत विद्यार्थिनीला बाहेर पाठविण्याइतकी दृष्टी तेथील अध्यापकांत असेल, तर मोठ्या संस्थेची उणीव बऱ्याच प्रमाणात भरून निघते.

नेब्रास्काचा धडा

नेब्रास्का विद्यापीठाच्या गणित विभागाची कथा अधिकाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. या विभागाने डॉक्टरेट घेणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढविण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न केला. त्याची दखल घेऊन १९९८ साली या विभागास विद्यार्थ्यांना घडविण्याच्या कार्याबद्दल राष्ट्राध्यक्षांचा पुरस्कार देण्यात आला. विभागाने १९९९ साली लिंकन येथे पदवी विद्यार्थिनींसाठी एक वार्षिक परिषद सुरू केली. देशभरातील महाविद्यालयांतून विद्यार्थिनी हिवाळ्यात तेथे जमतात, आपले काम मांडतात आणि नामवंत स्त्री गणितज्ञांना भेटतात. आपल्या वर्गात एकटी पडलेली मुलगी तेथे स्वतःसारख्या शेकडो जणींमध्ये बसते. विद्यापीठाच्या विद्यार्थिनीस शेफर पारितोषिक मिळाले ते २००१ साली. केवळ परिषदेमुळे हे घडले असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु ज्या विभागात विद्यार्थिनींचा विचार एवढ्या बारकाईने होतो, तेथे गुणी मुलगी नजरेआड होण्याचा संभव कमी असतो, एवढे निश्चित म्हणता येईल.

अमेरिकेत गणिताची पदवी घेणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण १९९० नंतरच्या काळात शेकडा ४० च्या वर राहिले आहे. डॉक्टरेटच्या पातळीवर मात्र ते शेकडा ३० च्या आसपास घसरते. म्हणजे गळती होते ती पदवीनंतरच्या वळणावर. पदवी वर्गातच विद्यार्थिनीस ओळख, सोबत व आत्मविश्वास देणाऱ्या उपक्रमांचे महत्त्व या आकड्यांवरून ध्यानी येते.

आपल्याकडील दाखले

भारतातील नामवंत स्त्री गणितज्ञांची महाविद्यालये पाहिली तरी असाच संमिश्र बोध होतो. १९८७ सालच्या भटनागर पुरस्काराच्या मानकरी रमण परिमला यांनी पदवीचे शिक्षण चेन्नईच्या स्टेला मॅरिस या महिला महाविद्यालयात घेतले आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करून मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. २०१९ साली भटनागर पुरस्कार व २०२१ साली रामानुजन पारितोषिक मिळविणाऱ्या नीना गुप्ता कोलकात्याच्या बेथून या जुन्या महिला महाविद्यालयाच्या पदवीधर होत. महाराष्ट्रात मंगला नारळीकर यांनी १९६४ साली मुंबई विद्यापीठाच्या एम. ए. परीक्षेत कुलपतींचे सुवर्णपदक मिळविले आणि घरसंसार सांभाळून १९८१ साली डॉक्टरेट पूर्ण केली. २०२३ साली त्यांचे निधन झाले; तोपर्यंत मराठी मुलांना गणित गोडीने कळावे यासाठी त्यांची लेखणी थांबली नाही. दोन-तीन उदाहरणांवरून नियम बांधता येत नाही, हे वर सांगितलेच आहे. परंतु गुणवत्ता ही दोन-चार प्रसिद्ध संस्थांचीच मिरासदारी नाही, एवढे या दाखल्यांवरून दिसते.

सुटीतील प्रशिक्षणाची परंपराही आपल्याकडे आहे. पुण्यात १९७६ साली श्रीराम अभ्यंकर यांनी भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. मुंबई विद्यापीठातील प्राध्यापक एस. कुमरेशन यांनी १९९३ साली गणित प्रशिक्षण व प्रतिभाशोध हा उन्हाळी कार्यक्रम सुरू केला. महिनाभराच्या या शिबिरात पाठांतरास स्थान नसते. विद्यार्थ्याने फळ्यापाशी उभे राहून विचार करावयाचा असतो. पदवी विद्यार्थ्यांसाठी माधव गणित स्पर्धा ही पुण्याचे सर परशुरामभाऊ महाविद्यालय व मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र यांच्या पुढाकाराने सुरू झाली. २००९ साली भारतीय स्त्री गणितज्ञांचे व्यासपीठही उभे राहिले. साधने आहेत, त्यांची वार्ता तालुक्याच्या महाविद्यालयातील मुलीपर्यंत पोहोचते की नाही, हा खरा प्रश्न आहे.

काय करता येईल?

या विवेचनातून निघणारे बोध साधे आहेत. शिक्षण खात्यातील अधिकाऱ्यांनी शिष्यवृत्ती परीक्षांच्या व स्पर्धांच्या याद्या पाहताना यशस्वी मुलींच्या संख्येबरोबर तीन गोष्टी तपासाव्यात : परीक्षेस किती मुली बसल्या, त्या शाळेत येताना त्यांची तयारी किती होती आणि पाच-दहा वर्षांत चित्र कसे बदलले. ज्या शाळेतून कोणीच परीक्षेस बसले नाही, त्या शाळेचा रकाना रिकामा राहतो आणि नजरेतून सुटतो. खरे काम तेथे असते.

महाविद्यालयीन अध्यापकांनी दरवर्षी निदान एका विद्यार्थिनीस पाठ्यक्रमाबाहेरील एक प्रश्न देऊन तिच्याबरोबर तो धसास लावावा, उन्हाळी शिबिराचा अर्ज तिच्याकडून भरून घ्यावा आणि शिफारसपत्र आळस न करता लिहावे. या कामास स्वतंत्र अनुदान लागत नाही. माध्यमिक शिक्षकांनी एखाद्या मुलीस भागाकार उशिरा जमला म्हणून तिच्याविषयी निकाल देण्याची घाई करू नये. शेफर यांचे चरित्र त्यासाठी पुरेसे आहे.

पंचायत सदस्यांच्या हातीही बरेच आहे. दहावीनंतर विज्ञान शाखेस जाऊ इच्छिणाऱ्या गावातील मुलींची नोंद दरवर्षी ठेवावी. अहिल्याबाई होळकर योजनेचा एस. टी.चा मोफत पास हाती आहे, पण महाविद्यालयाच्या वेळेशी गाडीची वेळ जुळत नाही, अशी अडचण असल्यास ती आगारप्रमुखांपर्यंत न्यावी. गावच्या वाचनालयात मुलींना निर्वेधपणे बसता येईल अशी वेळ व जागा ठरवून द्यावी. एके काळी एका मोठ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे दार ॲलिस टर्नर हिला बंद होते. आज दार बंद असल्याचे कोणी म्हणणार नाही. परंतु संध्याकाळी सातनंतर मुलींनी तेथे थांबू नये असा संकेत गावात असेल तर मुलीच्या दृष्टीने ते बंदच आहे.

कोणती महाविद्यालये गणिती विद्यार्थिनी घडवितात, या प्रश्नाचे उत्तर नावांच्या यादीत पूर्णपणे सापडत नाही. जेथे अवघड प्रश्न मुलीच्या हाती विश्वासाने दिला जातो, जेथे तिच्या सोबत विचार करणारे सहाध्यायी असतात आणि जेथे तिचे काम पाहून चार ओळींचे पत्र लिहिणारा अध्यापक असतो, तेथे त्या घडतात. या तीन गोष्टी केंब्रिजमध्ये सापडतात, तशाच लिंकनमध्ये व दुलुथमध्येही सापडल्या. त्या तालुक्याच्या गावीही निर्माण करता येतील.